जिन्नाला जीभ मिळाली, मिसेस अंडरवूडचं काय?

गेल्या अंकात एका कार्यकर्ती मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वस्तीतल्या मुलींच्या वाचनालयासाठी आपण जी पुस्तकांची यादी केली, तिच्यातलं एक पुस्तक ताबडतोब काढून टाकावं, अशी तिची मागणी आहे. पुस्तक इंग्रजी आहे. जोनाथन स्ट्राऊड या ब्रिटिश लेखकाचं 'द ॲम्युलेट ऑफ समरकंद', म्हणजे समरकंदचा ताईत. ते २००३ साली निघालं. शनिवारच्या वाचनात मी ते मुलींना मराठीत सांगत सांगत वाचते. त्यात अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा जमिनीवर खडूनं रिंगण आखतो, मेणबत्त्या लावतो, मंत्र म्हणतो आणि पाच हजार वर्षं वयाच्या एका जिन्नाला समोर हजर करतो. मैत्रीण विचारते, जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढायचे आणि आपल्याच कपाटात हे ठेवायचं, ही कुठली रीत?

हरकत गंभीर आहे, हसून उडवून लावण्यासारखी नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. इतकी वर्षं रखडलेला कायदा त्यानंतर कुठे, त्याच वर्षी झाला. नंदुरबारच्या आदिवासी भागात बाईला डाकीण ठरवून मारलं जातं, गावाबाहेर काढलं जातं, आणि त्यामागे पुष्कळदा जमिनीचा तुकडा किंवा विधवेचा वाटा असतो, हे आपल्यापैकी अनेकींनी जवळून पाहिलेलं आहे. मंत्रातंत्राची गोष्ट आपल्यासाठी नुसती गंमत असू शकत नाही, हे मला मान्य आहे.

तरीही हे पुस्तक काढू नये, असं माझं ठाम मत आहे. माझंही या पुस्तकाशी भांडण आहे, कडाक्याचं आहे. पण ते मंत्रांवरून नाही, एका बाईवरून आहे. ती बाई मैत्रिणीच्या पत्रात कुठेच नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी पुस्तक काय म्हणतं ते पाहू. या गोष्टीतल्या लंडनवर जादूगारांचं राज्य आहे. पंतप्रधान जादूगार, मंत्री जादूगार, पोलीसही त्यांचेच. बाकी सगळे सामान्य लोक, त्यांनी खाली मान घालून राबायचं. आता या जादूगारांच्या अंगात जादू किती? अजिबात नाही! पुस्तकाचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे. जादूगाराला स्वतःला काडीही हलवता येत नाही. त्याच्याकडे फक्त पोथ्या आहेत, जिन्नांची नावं आहेत आणि शिक्षेचे मंत्र आहेत. भिंती बांधतो जिन्न, पहारा करतो जिन्न, लढतो आणि मरतो तोही जिन्नच. श्रेय जादूगाराचं. जिन्नाला या जगात राहणंच मुळात वेदनेचं आहे. इथे थांबावं लागेल तितकं त्याचं सत्त्व झिजत जातं. लोखंड आणि चांदी त्याला भाजते. नकार दिला तर शिक्षेचा मंत्र तयार असतो. अशा रीतीनं कुणी एकानं दुसऱ्याच्या शरीरावर चालवलेल्या सत्तेला हे पुस्तक 'जादू' म्हणतं. मैत्रिणींनो, याला अंधश्रद्धा पसरवणं म्हणायचं की तिचा बुरखा फाडणं? बुवाच्या अंगात शक्ती नसते, ती त्याच्या पायाशी बसलेल्यांच्या श्रमांत, पैशांत आणि भीतीत असते, हेच आपण शिबिरांमधून सांगत आलो ना?

अल्लाउद्दिनाची गोष्ट आठवून बघा. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणल्या, तेव्हापासून दिव्यातला तो राक्षस आपल्या घरोघरी आहे. दिवा घासला की हजर, 'काय आज्ञा?' म्हणणार, महाल बांधणार, पंचपक्वान्नांची ताटं आणणार. तो दमतो का, दिव्यात त्याला कोंडलं कुणी, हे विचारायची सोयच त्या गोष्टीत नाही. काम हवं आणि काम करणारा माणूस मात्र नको, हे मालकवर्गाचं जुनं स्वप्न आहे. आपल्या घरातल्या पुरुषांचं तर ते रोज सकाळी सहा वाजता खरं होतं. चहाचा कप समोर येतो, तो कुठून आला हे कुणी विचारत नाही.

स्ट्राऊडनं केलं ते एवढंच की दिव्यातल्या राक्षसाच्या तोंडी गोष्ट दिली. बार्टिमियस नावाचा हा जिन्न स्वतः, 'मी' म्हणून बोलतो. मुलाची प्रकरणं मात्र 'तो' म्हणून, बाहेरून सांगितलेली आहेत. नायक कोण, ते यावरूनच कळावं! शिवाय जिन्नाला पानाखाली तळटीपा दिल्या आहेत. तिथे तो मालकांची मनसोक्त टर उडवतो, आपण उरुकच्या, कर्नाकच्या, प्रागच्या भिंती कशा बांधल्या त्याच्या बढाया मारतो, आणि बादशहांच्या नावावर खपणारं काम मुळात कुणाचं, ते सांगून टाकतो. वाचनात मुली सर्वांत जास्त हसतात त्या तळटीपांना. मला जात्यावरच्या ओव्या आठवतात. तिथेही दळणारी बाई सासूची, दिराची, नवऱ्याची अशीच फिरकी घेते, कारण त्या वेळी घर झोपलेलं असतं आणि जात्याच्या घरघरीत कुणाला ऐकू जात नाही.

ही कल्पना साहेबांच्या देशात सुचली, यात नवल नाही. या मालिकेत ब्रिटिश जादूगारांच्या साम्राज्याचा थोर पुरुष कोण, तर ग्लॅडस्टन. चार वेळा पंतप्रधान झालेला तोच विल्यम ग्लॅडस्टन, इथे महाजादूगार म्हणून आलेला. आता इतिहासातला हिशेब पाहा. त्याचा बाप जॉन ग्लॅडस्टन डेमेरारातल्या, म्हणजे आजच्या गयानातल्या, मळ्यांचा आणि शेकडो गुलामांचा मालक. १८३३ साली ब्रिटिश संसदेनं गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला आणि दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई मंजूर केली. कुणाला? गुलामांना नव्हे, मालकांना! या जॉनसाहेबांच्या पदरात लाखावर पौंड पडले. पुढे हात कमी पडू लागले तेव्हा याच गृहस्थानं हिंदुस्थानातून मजूर मागवले. १८३८ साली 'व्हिटबी' आणि 'हेस्परस' ही दोन जहाजं कलकत्त्याहून त्यांना घेऊन गयानाला पोचली. गिरमिट म्हणजे करार, करार म्हणजे नावापुढे अंगठा. आपल्या कोकणातूनही माणसं अशीच मॉरिशसला गेली, त्यांची पतवंडं तिथे आजही मराठी म्हणवतात. जादूगार मंत्र्याच्या घरात राबणाऱ्या जिन्नाची गोष्ट मी या बाजूनं वाचते. लेखकाच्या मनात हे सगळं होतं का, याच्याशी मला कर्तव्य नाही.

आणि नाव! या पुस्तकात सगळा खेळ नावाचा आहे. जिन्नाचं नाव ज्याला ठाऊक, तो त्याला बोलावू शकतो, बांधू शकतो. म्हणून जिन्नांची नावं पोथ्यांत लिहून ठेवलेली असतात, आणि जादूगाराचं जन्मनाव मात्र लपवलेलं असतं, कारण ते जिन्नाला कळलं तर शिक्षा उलटवता येते. लहानपणीच मूल आईबापांकडून सरकार घेतं, पैसे मोजून घेतं, एखाद्या जादूगाराच्या घरी ठेवतं, आणि त्या मुलानं आपलं नाव विसरायचं असतं. बाराव्या वर्षी त्याला नवं, सरकारी नाव मिळतं. आपला हा मुलगा नॅथॅनिएल, तो होतो जॉन मॅन्ड्रेक.

हे वाचताना मुलींना काही समजावून सांगावं लागलं नाही. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिताना त्यांनी पाहिलेलं आहे. कालची सुनंदा आज सुहासिनी होते आणि तिनं हाकेला ओ द्यायची. नवऱ्याचं नाव मात्र तोंडानं उच्चारायचं नाही; घ्यायचंच तर उखाण्यात, यमकात गुंडाळून, चारचौघींच्या आग्रहावरून. सत्ता ज्याची त्याचं नाव झाकलेलं, आणि जिच्यावर सत्ता तिचं नाव बदलायला, पुकारायला मोकळं. ही पोथी आपल्याला लंडनहून मागवावी लागलेली नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लावण्याचा निर्णय महाराष्ट्रात झाला. चांगलं झालं. पण ते नाव कोणतं, पाळण्यातलं की तांदळातलं?

आता माझं भांडण.

नॅथॅनिएलचा गुरू आर्थर अंडरवूड नावाचा एक मध्यम वकुबाचा, भित्रा, चिडका मंत्री आहे. त्याच्या घरात त्याची बायको आहे. ती जादूगार नाही, पोथ्या वाचत नाही. ती स्वयंपाक करते, घर पाहते आणि या पोरक्या केलेल्या पोराला माया लावते. मुलाचं नाव विचारायचं नाही, असा नियम असताना ती पहिल्याच भेटीत त्याला नाव विचारते आणि त्या नावानं हाक मारत राहते. त्या घरात त्याला माणूस समजणारं हे एकच माणूस. दुसरी चित्रकला शिकवणारी मिस लुटियन्स. सायमन लव्हलेस नावाचा बडा जादूगार मुलाला मारत असताना ती मध्ये पडते, आणि अंडरवूड तिला कामावरून काढून टाकतो. गुरुजी मात्र शिष्याचा मार बघत उभे राहतात.

मिसेस अंडरवूडच्या त्या हाकेतूनच जिन्नाला मुलाचं खरं नाव कळतं. बंधनाला पहिली चीर पडते ती इथे. आता बघा, सारं पुस्तक एका नियमावर उभं आहे, तो नियम सहज, न घाबरता मोडणारी एकच व्यक्ती आहे, आणि ती ही गृहिणी. बंड म्हणायचं तर हे बंड! पण लेखक त्याला बंड म्हणत नाही. त्याच्या लेखी तो मायेचा भाबडेपणा, कथानक पुढे सरकवायला कामाला आलेली चूक. पुढे काय होतं? मुलानं जिन्नाकरवी लव्हलेसकडून चोरलेला ताईत अंडरवूडच्याच घरात लपवलेला असतो. लव्हलेस चालून येतो. मंत्रीमहाशय स्वतःचा जीव वाचवायला मुलाला पुढे करायला तयार होतात. घराला आग लागते आणि त्या आगीत मिसेस अंडरवूड मरते. मुलाला जिन्न बाहेर काढतो. मुलाला दुःख होतं, अपराधी वाटतं, सूडाचं कारण मिळतं, नायकाला लागतो तेवढा मनाचा घाव मिळतो. बाई संपली.

बायकांना जाळून गोष्टीला धग आणण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. पण मला अधिक चीड आली ती दुसऱ्याच गोष्टीची. ज्या लेखकानं पाच हजार वर्षं गप्प राहिलेल्या गुलामाला जीभ दिली, तळटीपा दिल्या, टिंगल करायचा हक्क दिला, त्याला त्याच घरातल्या स्वयंपाकघरात उभी असलेली दुसरी बांधलेली व्यक्ती दिसू नये? तिचं नाव मार्था. नवऱ्याच्या तोंडी ते येतं. पण निवेदनात आणि मुलाच्या मनात ती पहिल्यापासून शेवटपर्यंत मिसेस अंडरवूडच. ज्या पुस्तकात नावावर माणसाचा जीव टांगलेला आहे, त्या पुस्तकात एका बाईला नवऱ्याच्या आडनावावर भागवून न्यावं लागतं आणि हे कुणाला खटकत नाही! जिन्नाला परत जायला त्याचं एक जग तरी आहे. मार्थाला कुठे जायचं होतं?

कुणी म्हणेल, पुस्तकात बायका मंत्रीही आहेत. आहेत ना. शेवटी मुलाला नवी गुरू मिळते ती जेसिका व्हिटवेल, राज्याच्या सुरक्षेची मंत्री, हुशार आणि निष्ठुर. तिच्या रिंगणातही जिन्नच उभे असतात. खुर्चीवर बाई बसली तरी रिंगण पुसलं जात नाही, हे आपण आपल्याकडेही बघितलं आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

न्याय म्हणून हेही सांगते की लेखक पुढच्या भागांत सुधारला. 'द गोलेम्स आय' (२००४) आणि 'टॉलेमीज गेट' (२००५) हे पुढचे दोन भाग. त्यांत किटी जोन्स ही कामकरी घरातली मुलगी खरी नायिका होते. ती स्वतः अभ्यास करून बार्टिमियसला बोलावते, पण बांधण्यासाठी नव्हे, विचारण्यासाठी. आणि शेवटी स्वतःच त्याच्या जगात जाते. म्हणजे मालकानं गुलामाच्या घरी पाहुणा म्हणून जावं, आपली सत्ता उंबऱ्याबाहेर ठेवून. असं पूर्वी फक्त अलेक्झांड्रियाच्या टॉलेमी नावाच्या मुलानं केलं होतं. कल्पना मोठी आहे. पण त्याची किंमत किटीच्या शरीरातून वसूल होते, ती परत येते ती अकाली म्हातारी होऊन. टॉलेमीलाही ती किंमत पडली होती, हे खरं. तरी वाचताना मी मनाशी म्हटलं, आली पुन्हा झिजण्याची पाळी, आली पोरीवरच.

एवढं लेखकाला बोलले. आता थोडं आपल्यात. २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची सरकारी पाहणी झाली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यासाठीची सरासरी दिवसाला २९९ मिनिटं निघाली, पुरुषांची ९७. ही ९७ सुद्धा 'करणाऱ्या' पुरुषांची. मुळात असं काम करणारे पुरुष चारांत जेमतेम एक. हे आकडे आपण भाषणांत वापरतो. घरकामगार बायकांसाठी महाराष्ट्रात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला, त्यासाठी संघटनांनी केलेल्या लढ्याचा अभिमान बाळगतो. आणि आपल्याच शिबिरांचे अहवाल काढून बघा. वक्त्यांची नावं, गटप्रमुखांची नावं, गाणी म्हणणाऱ्यांची नावं. पहाटे चारला उठून साठ जणींच्या भाकऱ्या थापणाऱ्या मावशींविषयी एक ओळ: 'भोजनव्यवस्था उत्तम होती.' व्यवस्था! जणू दिवा घासला आणि पिठलं आलं. अशा अहवालांवर मी बैठकीत दोनदा बोलले आहे, आता छापून म्हणते. मावशी हे नाव नाही, हाक आहे.

म्हणून पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीला माझं सांगणं आहे की रिंगण आणि मेणबत्त्या बघून तू दचकलीस, ते समजू शकते. पण ज्या मुली या पुस्तकातून मंत्र शिकतील अशी तुला भीती आहे, त्यांनी वाचनात पहिला प्रश्न विचारला तो मंत्राबद्दल नव्हता. जिन्न इतका ताकदवान असून पळून का जात नाही, हा तो प्रश्न होता. मग मुलानं त्याच्यावर घातलेल्या बंधनाचं प्रकरण वाचलं. ठरल्या मुदतीत हा परतला नाही तर तंबाखूच्या डबीत कायमचा कोंडला जाईल, आणि डबी थेम्स नदीच्या तळाशी. पुढचा अर्धा तास आम्ही डब्यांविषयीच बोलत होतो. कुणाची डबी नवऱ्याच्या नावावरची खोली, कुणाची रेशनकार्डावरचं नाव, कुणाच्या आईची डबी म्हणजे आम्हीच, असं एक मुलगी म्हणाली. एवढं बोलणं आपल्या कुठल्या अभ्यासवर्गात पुस्तिका वाटून झालं आहे?

पुस्तक यादीतच राहावं, आणि सोबत माझी ही तक्रारही चिकटवून ठेवावी. आगीचं प्रकरण आम्ही अजून वाचलेलं नाही, ते येत्या शनिवारी. त्याआधी मुलींना वहीची पानं दिली आहेत आणि सांगितलं आहे की जिन्नाला जशा तळटीपा आहेत, तशा मिसेस अंडरवूडसाठी लिहून आणा. दोघींची पानं आली. एकीनं लिहिलंय की गुरुजींना जेवण गार झालेलं चालत नाही, पण मुलगा तीन दिवस खोलीत रडतोय ते चालतं. दुसरीनं पानाच्या डोक्यावरचं मिसेस अंडरवूड खोडून मार्था लिहिलंय, आणि खाली कंसात विचारलंय की लग्नाआधीचं आडनाव काय लावायचं, ते पुस्तकात सापडत नाही. मलाही सापडलेलं नाही. मैत्रिणीनं शनिवारी वाचनाला यावं, वेळ नेहमीची, दुपारी चार.